पैऱ्यात न धरलेलं काम

आमच्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रोप लागवडीला अजून पैरा चालतो. आर्द्राचा पाऊस धरला, वाफ्यात पाणी तुंबलं, पॉवर टिलरनं चिखल करून घेतला की लगेच माणसं लागतात. पहाटे तरवा उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, दिवस मावळायच्या आत रोप लावून मोकळं व्हायचं. सगळ्या गावाची लागवड त्याच पंधरवड्यात आलेली असते, त्यामुळं मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून आठ-दहा घरं एकत्र येतात. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. रुपयाचा व्यवहार नाही, पण हिशोब चोख. ज्या घरातून दोन बायका आल्या त्या घराला दोन दिवस फेडायचे. एखादीला ताप आला तर तिचा दिवस बुडत नाही, ती सुगीत भात कापायला येऊन फेडते. हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, तरी पुढच्या मृगापर्यंत कुणी विसरत नाही.

‘पैसे मिळत नाहीत ते कसलं काम’ असं कुणी म्हणालं की मला आधी हा पैरा आठवतो. पोटरीभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बायकांना ‘हे काम नव्हे’ असं सांगायची कुणाची छाती होणार नाही. पैसा नसतानाही काम मोजता येतं, लक्षात ठेवता येतं आणि त्याची परतफेडही होते, हे आमच्या गावांना कुठल्याही अर्थशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. कन्नड बोलणारी आमची शेजारची गावंही अशीच मुय्यी करतात. माणसं वेगळी, भाषा वेगळी, पद्धत तीच.

पण या पैऱ्यात एक बाई धरलेली नसते.

ज्या घरची लागवड त्या घरातली एकजण त्या दिवशी शेतात नसते, चुलीपाशी असते. ती शेतात जाणाऱ्यांच्या आधी उठते. चहा, मग सकाळचं खाणं, मग बारा-पंधरा जणींच्या भाकऱ्या, आमटी, भात. ते सगळं बुट्टीत भरून, बांधावरून घसरत, पावसातून शेतात पोचवायचं. परत येऊन भांडी, गुरांची वैरण, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चहाची किटली. संध्याकाळी पैऱ्याचा हिशोब होतो तेव्हा शेतात उभ्या असलेल्यांचे दिवस मोजले जातात. तिचा नाही.

मी हे एकदा आमच्या थोरल्या जाऊबाईंपाशी काढलं. त्या पैऱ्याच्या हिशोबाला पक्क्या, सगळ्या गल्लीचा हिशोब त्यांच्या तोंडपाठ. त्या म्हणाल्या, ‘‘सैपाक कुणी पैऱ्यात धरतंय काय गे? घरात रोज करतोयच की.’’ त्यांच्या बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती. त्यांना ते खरोखरच तसं वाटत होतं, आणि त्यांनी स्वतः आयुष्यभर तसंच केलेलं होतं. प्रत्येक घरावर पाळीनं ही वेळ येते, तेव्हा फिटंफाट होते, असंही त्यांचं म्हणणं. पण फिटंफाट होत नाही. ज्या घरात सासू, सून आणि लेक अशा तिघी आहेत तिथं एक चुलीपाशी राहिली तरी दोघी शेतात जातात. ज्या घरात एकटीच बाई आहे, तिनं काय करायचं? आमच्या गल्लीत अशी एक विधवा बाई आहे. तिच्या लागवडीच्या आदल्या रात्री तिच्या घरातला दिवा विझलेला मी पाहिलेला नाही.

जाऊबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढं देशाचं उत्पन्न कसं मोजतात याबद्दल वाचायला लागले तेव्हा तेच वाक्य वेगळ्या शब्दांत समोर आलं. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं याचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर ठरतात. 1993 साली त्यांची जी मांडणी झाली तिच्यात असं आहे, की शेतकऱ्यानं भात पिकवलं, बाजारात एक किलोही विकलं नाही, सगळं घरातच खाल्लं, तरी ती उत्पादनात धरायची गोष्ट आहे. विहिरीवरून पाणी भरून आणणं, सरपण गोळा करणं हेसुद्धा त्या व्याख्येत बसतं. पण तोच तांदूळ त्याच पाण्यात, त्याच सरपणावर शिजवला की ते उत्पादन राहत नाही. घर झाडणं, लेकराला न्हाऊ घालणं, म्हाताऱ्यांचं करणं, हे सगळं रेषेच्या पलीकडे. यासाठी दिलेली कारणं मी नीट वाचली. या कामांना बाजारभाव नाही, त्यामुळं किंमत लावणं अवघड. ती मोजली तर आकडे एवढे फुगतील की बेकारी, महागाई यांचा अंदाज घेण्यासाठी ते उपयोगाचे राहणार नाहीत. ही कारणं मला खोटी वाटत नाहीत. आकडे मांडणाऱ्यांची अडचण मला कळते. पण रेषा कुठून काढली ते पाहा. ती नेमकी शेत आणि चूल यांच्या मधून काढली आहे, आमच्या पैऱ्यानं काढली तिथूनच.

रेषांचं आम्हाला कुणी सांगायला नको. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, आता महाराष्ट्रात. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, ‘चंदगड तालुका सोडून’. 1 नोव्हेंबर 1956 ला माझ्या माहेरच्या आणि सासरच्या गावांमध्ये राज्याची हद्द आली. दोन्हीकडचं रोप एकाच पावसात लागतं, दोन्हीकडच्या बायका एकाच तऱ्हेनं भाकरी थापतात. आणि आता गंमत अशी झाली आहे की या कामाला दोन्ही सरकारांनी वेगवेगळे आकडे जोडले आहेत. कर्नाटकात ऑगस्ट 2023 पासून गृहलक्ष्मीचे महिना 2000 रुपये. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500. मी आणि माझी धाकटी बहीण सणाला एकत्र आलो की हा विषय निघतोच. हद्दीपलीकडच्या तिच्या गावाहून माझं गाव तासाभराच्या अंतरावर आहे.

हे पैसे वाईट आहेत असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या नावाचं पासबुक पाहिलं नव्हतं अशा बायका बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. औषधाला, नातवाच्या वह्यांना कुणापुढं हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातल्या एका आजींनी गृहलक्ष्मीचे पैसे साठवून गावाला होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण घातलं, ती बातमी 2024 साली सगळीकडं झाली. मला तिचं कौतुक वाटलं आणि भरूनही आलं. आयुष्यात पहिल्यांदा जरा पैसा हाताशी आला, आणि तिनं तो पुन्हा लोकांना जेवू घालण्यातच लावला.

पण ही रक्कम कामाची नाही. गृहलक्ष्मीची रक्कम रेशन कार्डावर जी कुटुंबप्रमुख आहे तिला मिळते, म्हणजे एकत्र घरात बहुधा सासूला. सून पहाटेपासून राबत असली तरी तिचं नाव त्या यादीत नाही. या एका गोष्टीवरून घरांत कुरबुरी झाल्या, रेशन कार्डं वेगळी करण्याच्या गोष्टी निघाल्या. पैसा एका बाईकडं गेला आणि काम दुसरीकडं राहिलं, आणि दोघींच्या मधलं जे होतं ते अकारण बिघडलं. योजनेला मदत म्हणा, आधार म्हणा. कामाची नोंद म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

कामाची नोंद कशी असते त्याचा एक नमुना सरकारपाशीच आहे. देशभरात लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केंद्रानं 2019 साली केली आणि पुन्हा 2024 साली केली. 2019 मध्ये दर शंभर बायकांतल्या 81 बायका बिनपगारी घरकाम करत होत्या, आणि दर शंभर पुरुषांतले 26 पुरुष. जे करतात त्यांच्यातही बाईचा दिवसाला 299 मिनिटांचा वेळ त्यात जात होता आणि पुरुषाचा 97 मिनिटांचा. 2024 मध्ये बाईची 289 मिनिटं झाली. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, त्यानं दहा मिनिटं वाचली असतील. पुरुषाचीही कमी होऊन 88 झाली. म्हणजे बाईचा वेळ वाचला तो कुणी हात लावल्यानं नव्हे. हे आकडे मी जाऊबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘एवढं कोण मोजलं?’’ त्यांना आश्चर्य आकड्याचं नव्हतं, कुणाला तरी मोजावंसं वाटलं याचं होतं.

मला या प्रश्नानं खरं घेरलं ते सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसून पावडर लावायची, जखम होत नाही ना ते बघायचं, भात मऊ कालवून भरवायचा, रात्री उठून बिछाना बदलायचा. त्यांचं बोलणं अडखळायचं, ते मला एकटीलाच समजायचं. भेटायला येणारी माणसं म्हणायची, ‘‘फार पुण्याचं काम करालीस.’’ प्रेमानं म्हणायची, हे मला माहीत आहे. पण पुण्य म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. पुण्याच्या कामात कंबर दुखते असं कसं म्हणायचं? पुण्याच्या कामाला चार दिवस सुट्टी कशी मागायची? ‘मला माहेरी जाऊन नुसतं झोपायचं आहे’ हे वाक्य त्या दिवसांत माझ्या ओठांवर कितीदा आलं आणि परत गेलं. माझे मालक वाईट माणूस नव्हेत. पण त्यांची नोकरी काम होती आणि माझं करणं हा माझा स्वभाव होता, असं घरातल्या सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं. ते रविवारी थकलेले असायचे. मला थकायला वारच नव्हता.

तेव्हा मला उमगलं, की एखादी गोष्ट काम आहे की नाही हा प्रश्न मुळात पैशाचा नाहीच. ती काम आहे असं एकदा मानलं की तिच्यामागून बाकीच्या गोष्टी येतात. कामाला वेळ असते, म्हणून ते संपतं. काम करणारा आजारी पडतो, म्हणून त्याच्या जागी दुसरं कुणीतरी शोधतात. काम शिकावं लागतं, त्यामुळं ते येणाऱ्याला मान असतो. कामातून माणूस निवृत्त होतो. जी बाई ‘काहीच करत नाही’ ती निवृत्त कशातून होणार? सत्तरीतल्या माझ्या जाऊबाई आजही पहाटे चूल पेटवतात, कारण त्यांचं काम सुरू झालं असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं, तर ते संपलं असं कोण म्हणणार.

मार्गारेट रीड नावाच्या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1934 सालीच यावर एक कसोटी सांगितली होती. घरातली एखादी गोष्ट पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत असेल तर ते काम. स्वयंपाक दुसरा करू शकतो, म्हणून ते काम. माझ्याऐवजी दुसरा कुणी जेवू शकत नाही, म्हणून जेवणं काम नव्हे. साधी आणि पक्की कसोटी आहे, आणि मला ती बहुतेक ठिकाणी पटते. पण सासूबाईंची अडखळती बोली समजून घेणं पगारी नर्सला जमलं नसतं. तिथं ती कसोटी मला तोकडी वाटते. माझी कसोटी अशी आहे: उद्या ही बाई नसली, तर कुणाची तरी धावपळ होणार आहे का? होणार असेल, तर ती आज काम करते आहे.

न्यायालयांनी हे आमच्या घरांच्या आधी ओळखलं, पण कुठं ओळखलं ते सांगताना मला त्रास होतो. अपघातात गृहिणी दगावली, तर तिच्या माणसांना भरपाई किती द्यायची, या हिशोबात. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरायचं, आणि बायकोचं नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश, असं होतं. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं एका आगीच्या प्रकरणात घर सांभाळणाऱ्या बाईच्या सेवेची किंमत महिना 3000 रुपये धरली. 2010 साली त्याच न्यायालयानं जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बिनकामाचे म्हणून बसवल्याबद्दल खडसावलं. जानेवारी 2021 मध्ये पुन्हा सांगितलं, की गृहिणीचं उत्पन्न धरणं ही तिच्या श्रमाची आणि त्यागाची दखल आहे. हे सगळे निकाल चांगले आहेत. पण आमच्या भागातून तो पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो, त्यावर दर काही दिवसांनी कुणाचं तरी घर उद्ध्वस्त होतं. बाईच्या कामाचा आकडा पहिल्यांदा कागदावर यायला तिला त्या रस्त्यावर मरावं लागावं, हे मला सहन होत नाही.

चुलीबाहेरचंही असंच आहे. माझी नणंद वडगावात दिलेली. वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या गल्ल्यांतून दिवसभर यंत्रमागांची खडखड ऐकू येते. मजुरी साडीवर मिळते, आणि ती मागावर बसणाऱ्याच्या नावानं. पण माग चालायचा तर कांड्या भरलेल्या लागतात, तुटलेलं सूत जोडावं लागतं, विणून झालेल्या साडीचे धागे कातरावे लागतात, घडी घालावी लागते. हे नणंद करते, तिची पोरं शाळेतून आल्यावर करतात. साडीच्या मजुरीत ते सगळं मुरलेलं असतं, पण तिला विचारा, ‘‘तू काय करतीस?’’, तर ती सांगणार, ‘‘हे मागावर असतात, मी घरीच.’’ निपाणीकडं विड्या वळणाऱ्या घरांतही तेच. मजुरी हजार विड्यांवर, आणि त्या हजारांत पानं कातरणाऱ्या लेकीचे आणि दोरा गुंडाळणाऱ्या आजीचे हात किती, ते कारखान्याच्या वहीत येत नाही.

आता ज्या मुलीमुळं मी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडं येते. ती आमच्या गल्लीतली, पंचविशीची, पदवी झालेली. हायस्कूलपासून ती कन्नड शिकली, आणि वाचायला-लिहायला इतकी तयार आहे की तिचं अक्षर बघत राहावं. आमच्या पिढीला कन्नड बोलायला थोडंफार जमतं, कागद मात्र वाचता येत नाही. आणि इथं सगळे कागद कन्नडमध्ये. जमिनीची पहाणी (म्हणजे इथला सातबारा), नाडकचेरीतून आलेली नोटीस, वृद्धाप्य वेतनाचा अर्ज, वीजबिल, सोसायटीच्या कर्जाचा कागद, दवाखान्यातली सूचना. म्हणून दिवेलागणीला तिच्या पडवीत माणसं जमतात. कुणाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद, कुणाच्या मोबाईलवर आलेला संदेश. ती प्रत्येकाचा कागद वाचून मराठीत समजावून सांगते, अर्ज भरून देते, कुठं सही, कुठं अंगठा ते दाखवते, कुठल्या टेबलावर जायचं ते सांगते. एका म्हातारबाबांचं पेन्शन बँक खात्याच्या नावातल्या एका अक्षरामुळं अडकलं होतं. ती त्यांच्यासोबत हेलपाटे घालत राहिली आणि शेवटी ते सुटलं. एका घरच्या पहाणीवर मयत भावाचं नाव तसंच राहिलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं म्हणून वारसा वेळेत लागला, नाहीतर पुढं भाऊबंदकीत ते घर कोर्टाच्या दारात गेलं असतं.

तिला कुणी पैसे देत नाही, तीही मागत नाही. लोक आणतात काही ना काही. रताळ्यांच्या दिवसांत बुट्टीभर रताळी, कुणी काकड्या, कुणी नवा तांदूळ. ही आपुलकी खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात तिला बघायला पाहुणे आले होते. चहापाणी झालं, आणि मुलाच्या काकांनी विचारलं, ‘‘मुलगी काय करते?’’ तिच्या वडिलांनी सांगितलं, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ मी तिथंच होते. त्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं पेन्शन, जमीन, रेशन तिच्या अक्षरावर उभं आहे आणि तिच्या जन्मदात्याला ते सांगावंसं वाटलं नाही. मी मध्येच बोलले. ‘‘काही नाही कसं? गावाची सगळी कागदपत्रं हीच बघते,’’ म्हणाले. पाहुणे हसले, त्यांना ते कौतुकाचं बोलणं वाटलं. मुलगी माझ्याकडं बघत होती, तिला ते कौतुक वाटलेलं नव्हतं. नंतर मला भेटून म्हणाली, ‘‘काकू, मला आधी तसं कधी वाटलंच नव्हतं.’’ आता तिनं पडवीत यायची वेळ ठरवली आहे. सहा ते आठ. रविवारी नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग सवय झाली. वेळ ठरल्यापासून तिची कुणी दोन शब्दांत बोळवण करत नाही, हेही मी बघते आहे.

यावर मला एक जण म्हणाले, की असं सगळं मोजायला लागलो तर माणुसकी राहणार नाही. मदत ही मदतच असावी, तिला कामाचं नाव दिलं की तिच्यातलं मन निघून जातं. हे बोलणं मी हलकं मानत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पूर आला तेव्हा आमच्या गावातली पोरं दुसऱ्या गावातल्या अनोळखी लोकांसाठी रात्रंदिवस पाण्यात होती. त्यांना कुणी मजुरी विचारली असती तर त्यांचा अपमान झाला असता. पण मोजणं म्हणजे दर लावणं, असं का धरायचं? पैरा मोजतो आणि दर लावत नाही. पैऱ्यातल्या बायकांइतक्या एकमेकींच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या बायका मला दुसरीकडं दिसलेल्या नाहीत. एकमेकींचे दिवस लक्षात ठेवल्यानं त्यांच्यातली माया आटली नाही, उलट तगली. जिथं कुणी काहीच लक्षात ठेवत नाही, तिथं ज्याला नाही म्हणता येत नाही तोच राबत राहतो. आणि तो बहुतेक वेळा तो नसतो, ती असते.

दोन पावसाळ्यांमागं मी आमच्या पैऱ्यात हा विषय पुन्हा काढला, त्या विधवा बाईचं नाव घेऊन. ठरलं ते एवढंच, की एकटी बाई असलेल्या घरी लागवडीदिवशी स्वयंपाकाला शेजारच्या घरातून एकजण जाईल आणि तिचा दिवस शेतातल्यासारखाच पैऱ्यात धरायचा. ‘सैपाक कुणी पैऱ्यात धरतंय काय’ म्हणणाऱ्या जाऊबाईंनी स्वतःच हिशोबात तो दिवस घेतला.

आमच्याकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा, आणखी कितीतरी. सरकारचं पाठबळ नसताना, वर्गणी काढून, गावानं गावासाठी केलेला हा उत्सव. मला त्याचा फार अभिमान आहे. ग्रंथदिंडी निघते, पाहुणे बोलतात, आणि आलेला प्रत्येक माणूस जेवून जातो. आभाराच्या वेळी मंडपवाल्याचं नाव येतं, ध्वनिक्षेपकवाल्याचं येतं, दोघांना बिलही मिळालेलं असतं. आदल्या रात्रीपासून स्वयंपाकघरात असलेल्या बायका ‘महिला मंडळ’ या दोन शब्दांत उरकतात. सीमालढ्याचंही तसंच. 17 जानेवारीला हुतात्मादिनी आम्ही डोकं टेकवतो, तुरुंगात गेलेल्यांचं स्मरण करतो, आणि ते केलंच पाहिजे. नवरा तुरुंगात असताना ज्यांनी शेत ओढलं आणि पोरं वाढवली त्यांची यादी कुणी केलेली नाही, आणि त्या आता एकेक करून जात आहेत. ती करण्याइतपत वेळ अजून आहे. त्या घरातल्या सुना-नाती जिवंत आहेत, त्यांना ऐकून माहीत आहे.

सरकार याहून वेगळं वागत नाही. दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी सगळं सरकार आमच्या सुवर्ण विधानसौधात येतं, आणि त्याच दिवसांत कोंडसकोपच्या, बस्तवाडच्या माळावर आंदोलनांचे तंबू पडतात. त्यांत आशा आणि अंगणवाडीच्या बायका असतात. अंगणवाड्या 1975 पासून आहेत, आशा 2005 पासून. दारोदार फिरून बाळंतिणी नोंदवणं, लसीकरणाला पोरं गोळा करणं, कोरोनात घरोघरी जाऊन ताप तपासणं, हे सगळं त्यांनी केलं. पण कागदावर आशा या स्वयंसेविका आहेत. कर्नाटकातल्याच एका खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असं सांगितलं होतं. 2022 साली त्याच न्यायालयानं गुजरातमधल्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं ठरवलं. मधली सोळा वर्षं त्या थंडीत बसतच होत्या. सेवाभाव त्यांच्यात आहे, म्हणूनच त्या टिकल्या. पण सेवाभाव आहे म्हणून पगार नको, हा हिशोब डॉक्टरांना किंवा अधिकाऱ्यांना कुणी लावत नाही.

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेची माणसं आपल्या दारात येणार आहेत. त्यात काम करता का, हा प्रश्न असतो. घरकाम अजूनही त्या व्याख्येच्या बाहेरच आहे, ते बदलायला वेगळी लढाई लागेल. पण आजवरच्या जनगणनेतली व्याख्यासुद्धा आपल्याला वाटते तेवढी आखूड नाही. घरच्या शेतात, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं तिच्यात काम म्हणूनच येतं. फक्त घरच्या खाण्यापुरती शेती केली तरी येतं. घरच्या वापरापुरतं दूध काढणंही 2001 पासून त्यात आहे. सहा महिने किंवा जास्त केलं असेल तर मुख्य काम, कमी असेल तर सीमांत काम. म्हणजे जी बाई तरवा उपटते, म्हशीची धार काढते, कांड्या भरते, ती आज असलेल्या नियमानंच काम करणारी आहे. तरी तिच्या नावापुढं बिनकामाची असं लागतं, कारण विचारणारा घाईत असतो आणि घरातला पुरुष ओट्यावरूनच सांगतो, ‘‘ती काही करत नाही.’’

म्हणून मी आमच्या बचत गटात सांगायला सुरुवात केली आहे, की माणूस आला की उत्तर आपण स्वतः द्यायचं. शेतात कुठल्या महिन्यात काय करता, जनावरं किती, मागाचं कुठलं काम तुमच्याकडं, ते सांगायचं, आणि त्यानं काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगायचं. कागद कन्नडमध्ये असेल तर पडवीतली ती मुलगी त्या दिवसांत सोबत फिरायला तयार आहे. फक्त तिनं आधीच सांगून ठेवलं आहे, की तिचेही दिवस धरायचे, आणि तिच्या घरच्या लागवडीला दोघीजणी जास्त लागतील.